अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांना शाळा आपली वाटणं: हा अभ्यासाचा भाग आहे का?

अनघा_एडिसन
डिसेंबर २०१८. आमच्या न्यू जर्सीत शालेय कुस्तीच्या सामन्याआधी पंचाने एका कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं, ड्रेडलॉक्स काप, नाहीतर सामना सोड. मॅटच्या कडेला, सगळ्यांदेखत, त्याच्या केसांना कात्री लागली. व्हिडिओ जगभर फिरला, वर्षभराने राज्यात केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. वर्गातल्या रोजच्या अपमानाचा व्हिडिओ निघत नाही. पोरगा हात वर करायचा थांबतो, इतकंच.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या सरकारी शाळांनी २०१० पासून, शाळा आपली वाटावी म्हणून, कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी वेळापत्रकातच एक वेगळा तास ठेवला. शिकवणारे कृष्णवर्णीय पुरुष. स्टॅनफर्डच्या अभ्यासात या मुलग्यांची गळती ४३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. असा तास सगळीकडे हवा, असं माझं ठाम मत आहे.

सदानंद_एम
अनघाताई, केसांचा प्रकार संतापजनकच. पण उपाय पटला नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या ब्राउन निकालाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि आपण पुन्हा वर्णावरून वेगळा तास मागायचा? मिसिसिपी बघा. गरीब राज्य, कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण मोठं. २०१३ च्या कायद्याने तिसरीपर्यंत वाचता येणं सक्तीचं केलं, अक्षर-ध्वनीवर भर दिला, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. चौथीच्या वाचनात तळाला असलेलं राज्य कुठल्या कुठे वर आलं. आपली मुलंही परक्या देशात मेहनतीवरच पुढे गेली ना?

अनघा_एडिसन
आपली तुलना इथे नको. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आपण आलो ते बहुतेक डिग्री घेऊन. या कृष्णवर्णीय मुलांच्या आजी-आजोबांना चांगल्या शाळेचं दारच बंद होतं.

आणि ब्राउननंतर दक्षिणेत काय झालं? कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद पडल्या, हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक घरी बसले. मुलं नव्या शाळेत गेली, त्यांना ओळखणारी माणसं मागे राहिली. नॉर्थ कॅरोलायनातल्या अभ्यासात तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तरी अत्यंत गरीब घरच्या कृष्णवर्णीय मुलग्यांची पुढची गळती ३९ टक्क्यांनी घटलेली आढळली. एक शिक्षक, सदानंदराव!

पराग_फ्लोरिडा
तुम्ही दोघं मुलांवर बोलताय, मी निवडीवर बोलतो. आमच्याकडच्या ब्रॉवर्ड काउंटीत हुशार मुलांच्या खास वर्गांसाठी आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवायचे. २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तर कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची निवड खूपच वाढली. पोरं तीच, बुद्धी तीच. नाव सुचवणाऱ्यांना ती दिसत नव्हती. पुढे पैसे आटले, सरसकट चाचणी थांबली आणि तफावत परत आली.

सदानंद_एम
परागचं सगळं मान्य. सगळ्यांना एकच चाचणी, यात रंग बघावाच लागत नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे शिक्षकही मान्य, भरती वाढवा. पण ओकलंडच्या तासाने वाचन आणि गणित किती सुधारलं ते दाखवल्याशिवाय माझा विरोध कायम. अनघाताई, आपल्या स्कूल बोर्डाकडे सरसकट चाचणीचा अर्ज करणार असाल तर माझी सही घ्या.