मदत हवी आहे : सत्तरीतल्या चढावर आठ फूट खणलं तरी जांभा लागेना

काजूबोंडू

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहितो.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी आमचं आजोबांपासूनचं भाटलं आहे. खाली व्हाळाला (ओढ्याला) लागून कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्याच्या वर चढावर काजू आणि त्याच्याही वर कुणी हात न लावलेलं रान. किंदळ, माट्टी, जांभळ, भिरंड (कोकम) वगैरे. मी नोकरीला पणजीत, म्हणजे शनिवार-रविवारचा शेतकरी. या मे महिन्यात काजूच्या वरच्या अंगाला, अगदी रानाच्या कडेला पाण्याची टाकी बसवायला खड्डा काढायला घेतला. दोन गडी होते. माझा हिशोब असा की दीड-दोन हातांवर जांभा, म्हणजे आपला तांबडा दगड, लागेल आणि टाकीला आयताच पाया मिळेल. आईच्या माहेरी, डिचोलीकडे सड्यावर (खडकाळ पठारावर), पिकाव मारला की ठिणगी उडते. माड लावायचा तर आधी सुरुंगवाला शोधावा लागतो. गोव्याची जमीन म्हणजे जांभा, हे मी लहानपणापासून तसंच धरून चाललो होतो.

इथे आठ फूट खाली गेलो तरी जांभा नाही. पहार नुसती दाबली तरी आत जाते.

खड्ड्याची भिंत अशी दिसते: वर चार बोटं कुजका पाला. त्याखाली वीतभर काळसर तपकिरी माती, गाळून उरलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखी भुसभुशीत, तिच्यात केसासारख्या मुळ्यांचं जाळं. मग तीनेक फूट पिवळट तांबूस, त्याखाली विटकरी. आणि तळाशी एक चमत्कारिक प्रकार आहे. दिसायला खडक, पिवळे-जांभळे-पांढरे तिरके पट्टे असलेला, पण नखाने खरवडला की भुगा होतो. मधल्या सगळ्या मातीत धारदार कडांचे दगड आहेत. थर धरून नाहीत, लाडवातल्या बेदाण्यांसारखे कुठेही.

मातीचा नमुना तपासून आणला. सामू (पीएच) ५.२, सेंद्रिय कर्ब १.१ टक्के ('जास्त' असा शेरा), स्फुरद (फॉस्फरस) कमी, पालाश (पोटॅश) मध्यम.

आता पेच असा. जेसीबीवाला म्हणतो, मऊ माती आहे, तीन दिवसांत पायऱ्या काढून देतो, वर सुपारी लावा. शेजारचे आबा म्हणतात, "रानाच्या पायात कुदळ घालू नको." कारण विचारलं तर "आमच्या बापाने घातली नव्हती" एवढंच. दोघांपैकी कुणाचं ऐकू? आणि मुळात एवढ्या चढावर एवढी माती टिकली कशी? पाऊस तर आमच्याकडे बदाबदा कोसळतो. उतार पंचेचाळीस आहे असं जेसीबीवाला म्हणाला.

वेळूचंबेट

मऊ माती लागली म्हणून तक्रार करणारा पहिला गोंयकार बघितला. दोन ट्रक आमच्या सड्यावर पाठवून द्या, भाडं मी देतो.

मातीतहात

काजूबोंडू, तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं. बहुतेक लोक 'लाल माती आहे' एवढंच लिहून खत विचारतात. मी माती सर्वेक्षणात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी जांभ्याचा गोंधळ. जांभा हा सपाटीचा माल आहे. सड्यावर पाणी सावकाश मुरतं, पावसाळ्यात वर चढतं, उन्हाळ्यात खाली जातं. वर्षानुवर्षं असं ओलं-कोरडं होत लोह एका पट्ट्यात साठत जातं. वरची माती धुपली आणि तो पट्टा उघडा पडला की वाळून दगड होतो. बुकानन या स्कॉटिश माणसाने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरमच्या मातीवरून त्याला 'लॅटराइट' नाव दिलं ते याच गुणामुळे. ओली असताना कापता येते, वाळली की विटेसारखी घट्ट होते, आणि लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आपले चिरे काढणारे हे नावाशिवायच जाणत होते.

तुमच्या चढावर पाणी थांबतच नाही. तिरकं खाली निघून जातं, लोहाला एका जागी बसायला फुरसत मिळत नाही. वरून मातीही सतत थोडी थोडी सरकत असते. म्हणून पाटा बनत नाही, नुसती खोल माती बनते.

तळाचा पट्टेरी 'खडक' म्हणजे जागच्या जागी कुजलेला खडक. गोव्याचा बराचसा भाग धारवाड काळातल्या, म्हणजे अतिप्राचीन, दाब-उष्णतेने रूप बदललेल्या खडकांचा आहे. ईशान्य टोकाला सुर्ल-चोर्ल्याकडे बसाल्ट येतो, पण तुमचे तिरके पट्टे बघता हा शिस्ट किंवा फिलाईट असावा. वहीच्या पानांसारखा पापुद्र्यांचा खडक, आणि पानं तिरकी उभी. वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस त्या पानांमधून आत जातो आणि खडक आतून सडतो. त्याच्या वरचे बेदाणे मात्र तिथले नाहीत. ते वरच्या कड्यावरून सुटून मातीसोबत घरंगळत आले. नदीने आणले असते तर गोल झाले असते, धार राहिली म्हणजे प्रवास थोडका. तुमची जागा डोंगराच्या खोबणीत आहे का? दोन सोंडांच्या मध्ये? असेल तर एवढ्या खोलीचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

पिवळा वर आणि विटकरी खाली, हा दोन लोहखनिजांचा खेळ. सावलीत, सतत ओलाव्यात, पाल्याखाली पिवळं गोएथाइट टिकतं. जिथे तापून कोरडं होतं तिथे लाल हेमाटाइट. राखाडी किंवा निळसर डाग दिसले का तेवढं सांगा, ते फार महत्त्वाचं आहे. तसे डाग म्हणजे तिथे पाणी साचून राहतं.

आणि एक विचारायचं राहिलं. नमुना कसा घेतलात?

काजूबोंडू

अगदी खोबण आहे! दोन सोंडांच्या मध्ये. राखाडी डाग नाहीत, पण पुन्हा बघतो.

नमुना खड्ड्यातून निघालेल्या ढिगातून घेतला. दोन मुठी इकडून, दोन तिकडून.

मातीतहात

तरीच. आठ फुटांची माती एका पिशवीत कालवलीत. आमटी, भात, सोलकढी एकत्र करून मीठ बरोबर आहे का विचारण्यातला प्रकार झाला. पुन्हा घ्या. वरचे सहा इंच वेगळे, एक ते दोन फुटांचा वेगळा, चार फुटांखालचा वेगळा. कुदळीने इंग्रजी व्ही आकाराचा काप देऊन कडेची पातळ चकती घ्यायची, आणि अशा सात-आठ जागांची मिळून एक पिशवी. प्रयोगशाळेत विचारा की स्फुरद ब्रे पद्धतीने काढतात की ओल्सनच्या. आम्लधर्मी मातीला ब्रे. जुन्या गोव्याला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी शेती संशोधन संस्था आहे, तिथे बोलून बघा.

'जास्त' या शेऱ्यावर जाऊ नका. कर्ब ०.७५ टक्क्यांच्या वर गेला की आपल्याकडे सगळ्यालाच 'जास्त' छापून येतं. शेताच्या मातीसाठीची पट्टी आहे ती, रानाला लावून उपयोग नाही.

दोन गंमती करून बघा. एक, मधल्या पिवळ्या मातीची चिमूट ओली करून दोन बोटांत चार मिनिटं मळत राहा. दुसरी, तेलाचा पत्र्याचा डबा दोन्ही तोंडं कापून दोन बोटं जमिनीत रोवा, त्यात लिटरभर पाणी ओता आणि किती वेळात मुरतं ते घड्याळावर बघा. रानात एकदा, काजूत एकदा.

घाटरस्ता

मी महाडकडचा. माती-खत मला कळत नाही, पण खोबण हा शब्द वाचून लिहितो आहे. दरडीखाली गेलेलं तळिये आमच्यापासून लांब नाही. २२ जुलै २०२१. त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे म्हादईला पूर आला, दूधसागरच्या घाटात दरड येऊन गाडीचे डबे घसरले, आणि सत्तरीतही डोंगर खचले. वायनाड तर परवाचंच, ३० जुलै २०२४. खोल माती, उभा चढ, खोबण आणि खाली घर, हे चार एकत्र आले की आम्ही झोपत नाही. बुंध्याशी विळ्यासारखी वाकलेली झाडं आहेत का बघा. वरच्या अंगाला चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत का, भर पावसात झरा गढूळ होतो किंवा एकदम बंद पडतो का, तेही. टाकीतलं जादा पाणी त्या खोबणीत सोडू नका, पाइप लावून व्हाळात न्या.

चिरेबंदी

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. गोव्यात डोंगर कापायला नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७अ खाली आधी परवानगी लागते, स्वतःची जमीन असली तरी. झाडं तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी. 'तीन दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्याला आधी कागद विचारा, बघा फोन उचलतो का.

काजूबोंडू

गेला शनिवार-रविवार डबा घेऊन फिरलो. बायकोने दोनदा विचारलं की काय शोधतोस.

रानात पाल्याखाली डबा रोवला. लिटरभर पाणी चाळीस सेकंदांत गायब. मला वाटलं डब्याच्या खालून फुटलं, म्हणून दुसऱ्या जागी लावला. पन्नास. काजूत, जिथे आम्ही दर वर्षी बोंडं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा कचरा जाळतो, तिथे एकवीस मिनिटं. आणि गड्यांच्या पायवाटेवर ओतलं ते चहा पिऊन आलो तरी तसंच होतं. मधे फक्त पन्नास पावलांचं अंतर. एकच डोंगर!

मातीची चिमूटही मळली. आधी रवाळ, वाळू असल्यासारखी. दोनेक मिनिटांनी चिकट व्हायला लागली, चौथ्या मिनिटाला बोटं सुटेनात. हे काय होतं?

उतार मोबाइलने मोजला. काजूत २४ अंश आला. जेसीबीवाल्याला फोन केला तर म्हणाला, मी पंचेचाळीस टक्के म्हणालो होतो. रानाच्या कडेला मात्र ३३ अंश. वाकलेली झाडं दोन आहेत, भेगा दिसल्या नाहीत. खड्ड्याच्या तळाशी, कुजका खडक सुरू होतो तिथे, राखाडी रेघ आहे. बोटभर रुंद. पहिल्यांदा लक्षातच आली नव्हती.

नवा अहवाल: वरच्या सहा इंचांत कर्ब ३.४, खाली चार फुटांवर ०.४. सामू वर ५.६, खाली ४.८.

मातीतहात

तुमच्या आबांना आता कारण सांगता येईल. ते डब्याच्या वेळेत, कर्बात आणि सामूत आहे.

मळताना जे झालं त्याचा अर्थ असा, की ती माती मुळात चिकणच आहे. पण लोह आणि सेंद्रिय पदार्थ त्या चिकणीचे बारीक दाणे बांधून ठेवतात, म्हणून ती वाळूसारखी वागते. दाण्यांच्या मधल्या पोकळ्यांतून, कुजलेल्या मुळांच्या नळ्यांतून, गांडुळांच्या वाटांतून पाणी खाली जातं. चाळीस सेकंद ते यामुळे. पाणी वरून वाहतच नाही, मग माती नेणार कोण? वर झाडांची छत्री, खाली पाल्याची गोधडी, थेंबाचा मार मातीला लागत नाही. जाळलेल्या काजूत गोधडी गेली, थेंबांनी दाणे फुटले, वरची भोकं बुजली. पायवाटेवर तर तुडवून तुडवून पत्रा झाला आहे.

आता पायऱ्यांचं. जेसीबी काय करतो? वरचे सहा इंच ढकलून खालच्या पायरीच्या भरावात पुरतो आणि चार फुटांवरची माती उघडी करतो. रानाची सगळी शिल्लक त्या सहा इंचांत फिरती असते: पान पडतं, कुजतं, मूळ ते लगेच उचलतं. खाली साठा असा नाहीच. ४.८ सामूला ॲल्युमिनियम मोकळं होऊन कोवळ्या मुळांना चटका देतं, आणि घातलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियम धरून बसतं. सुपारी तिसऱ्या वर्षी पिवळी पडेल आणि तुम्ही इथे 'पानं पिवळी का' म्हणून नवा धागा काढाल.

राखाडी रेघेची मात्र मला खरी काळजी वाटते. पाणी वरून झरझर उतरतं आणि कुजक्या खडकाच्या माथ्यावर अडतं. मोठ्या पावसात माती घसरते ती याच रेघेवरून. झाडांची मुळं तिथे टाचणीसारखं काम करतात. म्हणून ३३ अंशांच्या भागाला हात नको. तिथे पाणी अडवायचे चरसुद्धा नकोत. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे सगळीकडे लावायचं कलम नाही, खोबणीत जिरवलेलं पाणी त्या रेघेला जाऊन मिळतं.

२४ अंशांच्या काजूत करण्यासारखं बरंच आहे. जाळणं बंद करा. प्रत्येक झाडाला उताराच्या खालच्या अंगाने अर्धचंद्राकृती आळं, कापलेलं गवत आणि पाला त्यातच. समपातळीत वाळ्याच्या रांगा लावा. स्फुरद द्यायचंच तर रॉक फॉस्फेट, अशा आंबट मातीत ते विरघळतं. थोडा चुना, तोही आळ्यापुरता. मिरी आणि भिरंड सावलीत चालतील. सुपारी खाली कुळागरातच ठेवा, तिला तिथला ओलावा हवा.

टाकी खाली आणा. खड्डा पावसाआधी बुजवा, नाहीतर तोच पाणी भरून आत सोडेल. ज्या क्रमाने माती निघाली त्याच्या उलट क्रमाने भरा, दर फुटाला चोपून. काळी माती सगळ्यात शेवटी, वर.

काजूबोंडू

खूप आभार. जेसीबी रद्द केला, घाटरस्ता यांनी सांगितलेल्या भेगा पावसाळ्यात दर आठवड्याला बघायला गड्याला सांगितलं आहे. खड्डा या शनिवारी बुजवतो.

एकच अडचण. काळी माती वेगळी काढून ठेवली होती, पण ती आता नाही. आईने घमेल्याघमेल्याने नेऊन कुळागरात सुपारीच्या आळ्यांत घातली. 'एवढी छान माती तू उघड्यावर टाकून गेलास' म्हणून उलट मलाच बोलणी बसली.

मातीतहात

आईंना माती कळते. परत मागायला जाऊ नका. वर वीतभर पाला ओढून घाला, रानातलीच दोन घमेली माती त्यात मिसळा आणि भिरंडाच्या बिया टाकून ठेवा.