ऑस्ट्रेलिया सोडायला तीन आठवडे राहिलेत, काय बघू आणि काय आवरू?

येळ्ळूरचा_पोरगा
राम राम मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, दोन वर्षं मेलबर्नला आहे, मास्टर्स संपलं गेल्या आठवड्यात आणि 18 डिसेंबरचं तिकीट काढलंय परत यायचं. पुढचा वर्क व्हिसा का घेतला नाहीस म्हणून कृपया विचारू नका, घरात सगळ्यांना सांगून सांगून तोंड दुखलंय (पप्पांची तब्येत आणि आमचं भाताचं शेत, दोन्ही आहे, बास). आता गोष्ट अशी की दोन वर्षांत मी बघितलं काय म्हणाल तर कॉलेज, सनशाईनमधली खोली आणि वेअरहाऊस. पंधरवड्याला 48 तास काम करायला मिळतंय, ते सगळे तास मी नाईटला केले आणि दिवसा लेक्चर नाहीतर झोप. सुट्टीत तेवढी लिमिट नसते म्हणून सुट्टीत अजून जास्त काम. कांगारू म्हणाल तर एक डॉलरच्या नाण्यावर पाच आहेत, तेवढे बघितलेत. आज्जी दर रविवारी फोनवर विचारायलीय, "ते पोटात पिल्लू घेऊन उड्या मारतंय ते बघितलास काय रे?" आणि मी दर रविवारी "रेंज नाही आज्जी" म्हणून फोन कट करायलोय.

हातात 1500 डॉलर आहेत, फारतर 1800. कार चालवायला येत नाही, बुलेट येते. एक रूममेट म्हणतोय उलुरू (तो वाळवंटातला मोठा लाल खडक) बघितला नाहीस तर ऑस्ट्रेलियाला गेलासच कशाला, दुसरा म्हणतोय टास्मानिया. तुमच्यापैकी कोण असं शेवटच्या दिवसांत फिरलंय काय?

दुसरं म्हणजे आवराआवर. बॉन्ड (खोलीचं डिपॉझिट), सुपर (इथला पीएफ), बँक, वॉशिंग मशीन (चांगलं आहे, हार्ड रबिशमधनं, म्हणजे लोक रस्त्याकडेला टाकतात त्यातनं, उचललेलं नाही, टेबल आणि खुर्च्या मात्र तिथल्याच).

आणि तिसरं जरा वेगळं आहे. शेजारी एक इटालियन आज्जा राहतोय, पंच्याऐंशीच्या वर असेल, बायको वारली. मी नाईटवरनं सकाळी यायच्या वेळी तो बागेत असतोय, दोन वर्षं कंपाउंडवरनं लिंबं देतोय. इंग्लिश त्याचं निम्मं मला कळत नाही, माझं त्याला कळत नाही. त्याला जाताना काय द्यावं? आईनं मी येताना अर्धा किलो कुंदा दिला होता, तो इथं उतरल्यावर मी फॉर्मवर खरं लिहिलं आणि दुधाचं आहे म्हणून डब्यासकट कचऱ्यात गेला. तेव्हापासनं माझ्या डोक्यात कुंदाच बसलाय.

खानापूरची_लेक
आधी पैशाचं ऐक, फिरायचं बाकीचे सांगतील. मी जिलाँगला आहे, आठ वर्षं झाली, आणि दरवर्षी एक तरी पोरगं परत जाऊन मला मेसेज करतंय, "अक्का, सुपर कसं काढायचं". तुझ्या पगाराच्या वर मालकानं सुपर भरलेलं असणार, आत्ता 12 टक्के आहे, तू आलास तेव्हा थोडं कमी होतं. तू देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते परत मागता येतं, स्टुडंटला 35 टक्के टॅक्स कापून. कापतात म्हणून बरेच जण मागतच नाहीत, वेडेपणा आहे, उरलेलं काय थोडं असतंय होय? खरं एक कर, दोन-तीन जॉब केला असशील तर दोन-तीन फंडात पैसे सांडलेले असतील, ते इथं असतानाच ऑनलाईन एका जागी आण. का, तर इथला मोबाईल नंबर बंद झाला की लॉगिनचा कोड यायचा बंद आणि मग येळ्ळूरात बसून डोकं आपटायचं. माझ्या दिराचं सात महिने तसंच चाललं होतं. नंबर सगळ्यात स्वस्त प्रीपेडवर ठेव आणि बँकेचं खातं पैसे येईपर्यंत बंद करू नको. टॅक्सचं वर्ष इथं जुलै ते जून असतं, खरं कायमचा निघालास तर जूनपर्यंत थांबायला लागत नाही, आधी भरता येतं.

बॉन्डसाठी आत शिरताना भरलेला कंडिशन रिपोर्ट शोधून ठेव आणि ओव्हन घास. हसू नको. आमच्या पहिल्या घराला सगळं चकाचक केलं होतं आणि एका ओव्हनवरनं वाद घातला होता एजंटनं. मोठी खरेदी करणार असशील तर एकाच दुकानदाराकडनं 300 डॉलर किंवा वर, आणि निघायच्या आधीच्या 60 दिवसांत, असं असेल तर जीएसटी एअरपोर्टवर परत मिळतो, बिल ठेव आणि वस्तू हँडबॅगेत ठेव, चेक-इन करून बसलास तर दाखवणार काय?

आता कुंदा. इथं करायचा रे! तीन लिटर फुल क्रीम दूध, जाड बुडाचं भांडं, आटवत बस, अर्ध्याच्या खाली आलं की दोन-तीन चमचे दही घालून फाटू दे, मग साखर. रंग यायला थोडी साखर वेगळी जाळून घालतात, तिथंच सगळं कौशल्य आहे, तांबूस झाली की लगेच ओत, काळी झाली की कडू. दोन-अडीच तास जातील. बेळगावच्या दुकानातल्यासारखा होणार नाही, खरं त्या आज्जाला काय माहिती दुकानातला कसा असतोय.

उचगावचा_बाळू
मशीन कितीला? भाची फेब्रुवारीत यायलीय मेलबर्नला.
आणि कांगारूचं टेन्शन घेऊ नको, आज्जीला सांग ते रात्रीचे फिरतात आणि रात्री तू कामावर होतास.

खानापूरची_लेक
बाळू, पहाटे आणि संध्याकाळी फिरतात ते. म्हणजे हा नाईटवरनं घरी यायच्या वेळी. बहाणा चालणार नाही.

कोगनोळीचे_काका
पोरा, उलुरू डिसेंबरात नको. चाळीसच्या आसपास ऊन असतं, विमान महाग, आणि वर चढायला 2019 च्या ऑक्टोबरपासनं बंद आहे, तिथल्या अनांगू लोकांची ती पवित्र जागा, त्यांनी मागणी केली आणि ती मानली, चांगलंच झालं. टास्मानिया सुंदर, खरं कार नसेल तर हाल. बोट आता मेलबर्नजवळच्या जिलाँगहून सुटते, जायचंच असेल तर खिशात फळ ठेवू नको, उतरताना काढून घेतात.

तुला मी वेगळंच सांगतो, कुणी सांगणार नाही. आल्बरीला जा. माझी मुलगी वोडोंगाला असते, तिच्याकडे मी सहा महिने काढले म्हणून सांगायलोय. मरे नदीच्या अलीकडं वोडोंगा म्हणजे व्हिक्टोरिया, पलीकडं आल्बरी म्हणजे न्यू साऊथ वेल्स. माणसं सकाळी इकडं उठतात, कामाला तिकडं. मी नदीवर उभा राहिलो तर मला आपला महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाकाच आठवला. 2020 च्या जुलैत कोरोनात त्यांनी ती बॉर्डर बंद केली, 1919 च्या साथीनंतर पहिल्यांदा. मुलगी सांगत होती, पलीकडच्या दवाखान्यात जायला परमिट काढायला लागायचं. पुढच्याच वर्षी आपल्याकडं कोगनोळीला आरटीपीसीआर दाखव म्हणून माणसांना परत पाठवत होते, पलीकडं कागलला सोयरीक असलेल्यांची काय अवस्था झाली ती आम्हीच बघितली आहे. आणि गंमत ऐक, आल्बरी स्टेशनचा प्लॅटफॉर्म कायच्या काय लांब आहे, कारण व्हिक्टोरियाचे रूळ रुंद आणि न्यू साऊथ वेल्सचे वेगळे, त्यामुळं 1962 पर्यंत माणसांनी मध्यरात्री सामान घेऊन समोरच्या गाडीत चढायचं. आमच्या वेळी मिरजेला हेच, पुण्याहून आलं की ब्रॉडगेज सोडून मीटरगेजची गाडी धरायची बेळगावला, ट्रंक डोक्यावर. तो प्लॅटफॉर्म बघून मी मुलीला म्हटलं, ही मिरज आहे की.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉसहून थेट व्ही-लाईनची (व्हिक्टोरिया राज्याची लांब पल्ल्याची सेवा) गाडी आहे. 2023 पासनं त्यांच्या तिकिटाला दिवसाचा कॅप (जास्तीत जास्त भाडं) आहे, अकरा डॉलरच्या आसपास, जिथवर गाडी जाते तिथवर. तुला कार नाही ना, मग याच तिकिटावर सगळं राज्य फिरून घे. 1500 डॉलर घेऊन काय करणार आहेस, पप्पांना दे.

मराठा_पलटण_रिटायर्ड
काकांचं बरोबर आहे, फक्त एक भर घालतो. त्याच व्ही-लाईनच्या तिकिटावर जिलाँगपर्यंत ट्रेन आणि पुढं कोचनं ग्रेट ओशन रोडला जाता येतं. सगळे तिकडं ट्वेल्व्ह अपोस्टल्सचे फोटो काढायला जातात. बारा कधीच नव्हते म्हणतात, त्यातला एक 2005 साली डोळ्यादेखत कोसळला, चुनखडीच ती, समुद्र खातोय. मी गेलो तो रस्त्यासाठी. पहिल्या महायुद्धातनं परत आलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 कुदळ-फावड्यानं कोरला आहे तो, मेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून. ईस्टर्न व्ह्यूला लाकडी कमान आहे, तिथं मी सॅल्यूट ठोकला, सून लाजली. त्याच युद्धात आपले मराठे मेसोपोटेमियात कूटला वेढ्यात अडकून घोड्याचं मांस खायची वेळ आली तोपर्यंत लढत होते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, रोज बिगुल ऐकून मोठा झालास, तुला सांगायला नको. अपोलो बेच्या पुढं कोच आठवड्यातनं काहीच दिवस असतो, टाईमटेबल बघून जा नाहीतर रात्र बीचवर.

खानापूरची_लेक
त्याच रस्त्यावर अँग्लसीला उतर. गोल्फच्या मैदानावर कांगारू गवत खात बसलेले असतात गाई बसल्यासारखे. नाही दिसले तर हॉल्स गॅपला जा, तिथं तर घरांच्या अंगणात येतात. फक्त आगीचा सीझन सुरू झालाय, 2024 च्या डिसेंबरात हॉल्स गॅप गाव रिकामं करायला लागलं होतं, व्हिक-इमर्जन्सीचं ॲप टाकून घे.

येळ्ळूरचा_पोरगा
मंडळी, घरात पोचलो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं काल सकाळी उतरलो, अजून झोप मेलबर्नच्या टायमावर आहे, पहाटे तीनला उठून हे टाईप करायलोय, साडेपाच तासांचा फरक आहे म्हणजे तिथं आत्ता साडेआठ वाजलेत.

अँग्लसीला गेलो. होय, बसलेले होते. चाळीस-पन्नास असतील. एक मादी उठली, पोटातनं पिल्लाचे पाय बाहेर आलेले, डोकं आत, उलटं. मी आज्जीला व्हिडिओ कॉल लावला, तिला पाच मिनिटं दिसलंच नाही, "कुठाय, कुठाय, ते कुत्रं काय?" म्हणून, मग दिसलं तेव्हा म्हणाली, "अगं बाई, हे तर बसूनच आहे, उडी कुठं मारतंय?" आता काय करू. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीखाली कोच थांबत नाही, खिडकीतनंच बघितली, पलटणवाल्या साहेबांचा सॅल्यूट बाकी राहिला.

आल्बरीला पण गेलो, एका दिवसात जाऊन-येऊन, साडेसात-आठ तास ट्रेनमध्येच गेले खरं मस्त वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी एवढा देश बघितला, सगळं पिवळं गवत आणि मेंढ्या, आपल्याकडं मे महिन्यात चिकोडीकडं जाताना दिसतंय तसंच. प्लॅटफॉर्म चालत मोजला, माझी सहाशे पावलं झाली. मग नदीवरच्या पुलावर गेलो. मला वाटलं काहीतरी असेल, नाका, पोलीस, दोन भाषांतल्या पाट्या. एक बोर्ड आहे वेलकमचा, बास. एक बाई कुत्रं घेऊन राज्य ओलांडून गेली आणि परत आली. मी तिथं बराच वेळ बसलो. काका, तुम्ही म्हणाला ते बरोबर आहे, खरं मला नाका आठवला नाही, मला 1 नोव्हेंबर आठवला, बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून आपण पाळतो तो काळा दिन, लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून काळ्या पट्ट्या बांधून गेलेलो ते. का आठवलं माहीत नाही. त्या बाईला सांगायला गेलो असतो तर कुठनं सुरुवात करायची तेच कळलं नसतं.

कुंदा दोनदा केला. पहिल्यांदा साखर काळी झाली, स्मोक अलार्म बोंबलला, रूममेट टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचायलाय. दुसऱ्यांदा जमला, रंग बेळगावचा नाही आला, धारवाड पेढ्याच्या जवळपास आला म्हणा. आज्जाकडं घेऊन गेलो. त्यानं एक चमचा खाल्ला, काहीतरी इटालियनमध्ये म्हणाला, मग आत गेला आणि बिअरच्या बाटलीत भरलेला टोमॅटोचा सॉस घेऊन आला, त्याच्या बायकोच्या पद्धतीचा, दर उन्हाळ्यात पोरं-नातवंडं जमून करतात म्हणे. लिंबं पण द्यायला लागला, मी हातानं विमान दाखवून नाही म्हटलं. तेव्हा त्याला कळलं की मी चाललोय. आधी दोनदा सांगितलं होतं, कळलं नव्हतं त्याला. कंपाउंडवर हात ठेवून उभा राहिला, आणि मी पण. मग म्हणाला, "मामा?" मी म्हटलं, हो, आई आहे घरात. तेवढंच.

बाटली चार टी-शर्टात गुंडाळून आणली, फुटली नाही. आईनं काल त्याची आमटी केली, गूळ आणि खोबरं घालून. पप्पा म्हणाले टोमॅटो गावठी दिसतोय.

सुपरचा अर्ज व्हिसा संपल्यावर टाकणार. बॉन्ड अजून आला नाही. ओव्हन घासला होता अक्का, शपथ.

उचगावचा_बाळू
वेलकम बॅक भावा. मशीनचं काय झालं ते सांगितलंच नाहीस.

येळ्ळूरचा_पोरगा
आज्जाच्या गॅरेजमध्ये आहे. भाचीला पत्ता पाठवतो, फक्त तिला सांग जाताना रिकाम्या हातानं जाऊ नको.