आगीच्या आधीचं बघा

मंचावर गिटार जाळली म्हणून अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स गाजला, असं काही जण म्हणतात; हे मत काही पटलं नाही बुवा. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे संगीत महोत्सवात तो वाजला, त्यावरची पेनेबेकरची फिल्म 'जिमी प्लेज मॉन्टरे' पुन्हा लावा आणि गिटार जाळतो त्या शेवटच्या 'वाइल्ड थिंग' गाण्याऐवजी सुरुवातीचं 'किलिंग फ्लोअर' ऐका. काय सुसाट वाजवलंय! माणूस डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी धरलेली. 'लाइक अ रोलिंग स्टोन'मध्ये एक कडवं राहिलं, तर गाता गाताच तसं सांगून मोकळा! मिच मिचेलचे ड्रम्स मागे नुसते उसळतायत.

बाकी तो आगीचा तमाशा रविशंकरांनाही रुचला नव्हता. त्याच दिवशी, १८ जून १९६७ ला, दुपारी तिथेच त्यांची सतार झाली होती. वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी आपली माणसं, त्यांचा राग समजू शकतो.