विलंबित एकताल ऐकताना सम कशी ओळखायची?

प्रश्न :
नाट्यसंगीत, ठुमरी रमून ऐकतो. मध्यलय तीनतालाची समही (तालाच्या फेरीची पहिली मात्रा) कळते. पण बडा ख्याल (विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल) सुरू झाला की हरवायला होतं. बोटांवर एकतालाच्या बारा मात्रा (ठोके) मोजायला घेतो, पण दुसऱ्या आवर्तनातच (तालाच्या फेरीतच) गाडी एक-दोन मात्रा पुढेमागे झालेली असते. नेमकं काय ऐकायचं? (ऐकणं बहुतेक मोबाइलवर, स्वयंपाक करता करता.)

प्रतिसाद १ :
मोजणं सोडा. अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची होते, आवर्तन मिनिटभर चालतं. मनातल्या मनात इतकं संथ मोजताना भलेभले घसरतात. त्यापेक्षा ठेका (तबल्यावर वाजणारे तालाचे ठरलेले बोल) तोंडपाठ करा :

धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । क त्ता । धागे तिरकिट । धी ना

यात खुणेचा बोल तिरकिट. चार सुटे, चटचट वाजणारे बोल, त्यामुळे कान चटकन पकडतो. तो दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. आता गोंधळ इथेच होतो, की आत्ता वाजलं ते कितवं? पुढचा बोल ऐका. पहिल्यानंतर 'तू ना', म्हणजे डग्गा (तबल्याच्या जोडीतला खालच्या, घुमणाऱ्या नादाचा) गप्प. दुसऱ्यानंतर 'धी', डग्ग्याचा घुमारा परत. तो आला की समेपर्यंत दोनच मात्रा उरल्या. मुखडा (समेवर आणून सोडणारा बंदिशीच्या सुरुवातीचा तुकडा) बहुधा इथेच कुठेतरी उचलला जातो.

प्रतिसाद २ :
वरचं सगळं बरोबर, पण मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा ऐकू येणारच नाही. खालचा नाद त्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाही, मग 'धी' आणि 'ती' (डग्ग्याविना वाजणारा बोल) सारखेच वाटतात. साधे हेडफोन लावा. आणि फोडणी चुरचुरत असताना तर नकोच!

आणखी एक. बडा ख्याल म्हणजे एकतालच असं धरून चालू नका. तिलवाड्यात (16 मात्रा) तिरकिट दुसऱ्या आणि दहाव्या मात्रेला येतं, म्हणजे पहिलं समेच्या लगेच नंतर. झुमऱ्यात (14 मात्रा) ते चारदा येतं आणि शेवटचं संपलं की थेट सम. एकतालाची खूण तिथे लावलीत तर हमखास फसाल.

प्रतिसाद ३ :
थोडा वेगळा सूर लावतो. सम सापडली म्हणजे ख्याल कळला असं नाही. दोन समांच्या मधे काय चाललंय ते ऐका. भूप आणि देसकार हे राग पाठोपाठ लावून बघा. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. भूप गंधारावर (ग) विसावतो, देसकार धैवतावर (ध). भूपात रिषभ (रे) ऐसपैस लागतो, देसकारात त्याला निसटता स्पर्श. हा फरक कानात बसला की मिनिटभराचं आवर्तन लांब वाटत नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. हेडफोन लावून तिरकिट सापडलं! पण मुखडा कधी त्याच्या आधीच सुरू होतो, तेव्हा परत गडबड.

प्रतिसाद १ :
मुखडा लहान-मोठा असतो, बंदिशीप्रमाणे. म्हणून सुरुवात चुकवू नका. आलापानंतर गायक पहिल्यांदा मुखडा म्हणतो आणि तबला सुरू होतो, तो बहुधा समेवरच. त्या क्षणी तोंडात असलेलं अक्षर टिपून ठेवा. मधे कितीही आलाप होवोत, मुखडा घेऊन गायक परततो तो त्याच अक्षरावर.