गृह आधारचे पैसे नेमके कुठे अडकतात? (अनुभव धागा)

केरीची बाय:
चवथ तोंडावर आली की पंचायतीबाहेर पासबुकं घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसतात आणि 2012 आठवतं. मुख्यमंत्री पर्रीकरांनी गृह आधार, म्हणजे गोव्यातल्या गृहिणींना दरमहा मदत द्यायची सरकारी योजना आणली तेव्हाही हाच प्रश्न होता, फॉर्म तर दिला, पैसे कधी? आता महिन्याला 1500. तुटपुंज्या पगाराच्या घरात त्यातून सिलिंडर आणि विजेचं बिल निघतं. रडगाणी नकोत, तोडगे लिहा. सुरुवात मी करते. 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आधी काढा, त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो आणि वेळ तिथेच जातो. उत्पन्नाचा दाखला शेवटी. उलटं केलं की एक हातात पडेपर्यंत दुसरा शिळा होतो.

उंडीचंझाड:
+1. आणि गोवा ऑनलाइन या सरकारी संकेतस्थळावर अर्ज केलात तर पावती क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. फोटो धूसर अपलोड झाला तर अर्ज परत येतो, आणि तो परत आल्याचा मेसेज कोणी वाचत नाही.

हिशेबनीस:
उत्पन्नात लोक हमखास चुकतात. हातात पडणारा पगार लिहायचा नसतो, ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा लिहायचा, नवरा-बायको दोघांचा मिळून. उदाहरण घ्या. स्लिपवर ग्रॉस 25,400, पीएफचे 1800 कापून हातात 23,600. हातातल्याचे वर्षाचे 2,83,200 होतात, ग्रॉसचे 3,04,800. योजना सुरू झाली तेव्हाची वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा 3 लाख. म्हणजे माणूस आत आहे असं समजून अर्ज करतो आणि कागदावर बाहेर असतो. बोनस मिळत असेल तर तोही मिळवा. मर्यादा ताज्या फॉर्मवर छापलेली असते ती बघा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

कळंगुटकार:
किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे तात्पुरत्या खानावळीत काम करणाऱ्यांचं काय? सीझन ऑक्टोबर ते मे.

हिशेबनीस:
सीझनच्या महिन्याचा पगार गुणिले 12 करू नका, हीच चूक होते. मालकाकडून कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काम आणि महिन्याला किती, असं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. पावसात दुसरं काम केलं असेल तर त्याची रक्कम वेगळी दाखवा. तलाठ्याला बेरीज समजली की तो शेरा मारत बसत नाही.

म्हापशे_शुक्रवार:
पावसात काम? पावसात आमचा घो फक्त गरी घेऊन व्हाळावर 😄

मोगरा७:
नावाबद्दल कोणीच बोललं नाही. आधार कार्डावर सासरचं आडनाव, जन्मदाखल्यावर माहेरचं, पासबुकावर नुसतं आद्याक्षर. त्यात घरात जुने पोर्तुगीज काळातले कागद असतील तर शिरोडकर 'एक्स'ने सुरू होतात आणि नाईकांच्या शेवटी 'क्यूयूई' येतं. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून नोटरी करा. त्यात नाव प्रत्येक कागदावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर उतरवायचं.

केरीची बाय:
हे सोन्यासारखं लिहिलंस गो.

बँकवाला_निवृत्त:
अर्ज मंजूर होऊन पैसे येत नसतील तर एकच प्रश्न विचारा: पैसे खाते क्रमांकावर पाठवलेत की आधार क्रमांकावर? यावर पुढचं सगळं ठरतं.

खाते क्रमांकावर असतील तर आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड तपासा. कॉर्पोरेशन बँक 1 एप्रिल 2020 रोजी युनियन बँकेत गेली, सिंडिकेट कॅनरात. जुना कोड घेऊन बसलेली पासबुकं अजून कपाटात आहेत. आधार क्रमांकावर असतील तर पैसे शेवटच्या सीडिंग केलेल्या (आधारशी जोडलेल्या) खात्यात जातात, तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या नाही. सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं, तर पैसे तिथे पडून असू शकतात. 'माय आधार' संकेतस्थळावर ओटीपी घालून बँक सीडिंग स्टेटस बघा, बँकेचं नाव दिसतं. केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे, त्याला वेगळी संमती लागते.

उंडीचंझाड:
आणि 2 वर्षं व्यवहार नाही झाला तर खातं निष्क्रिय?

बँकवाला_निवृत्त:
होय. केवायसी नव्याने देऊन सुरू करता येतं, त्याला शुल्क नाही. खातं 'स्मॉल अकाउंट' (पुरेशा कागदांशिवाय उघडलेलं) असेल तर वर्षात 1 लाखाच्या वर जमा होत नाही, शिल्लक 50 हजारांवर जात नाही. बाकीचे पैसे त्यातच येत असतील तर हप्ता परत जाऊ शकतो.

कळंगुटकार:
विषय सोडून विचारतो, माटोळीचं (गणपतीवर फळं-रानवेली टांगतात ती) सामान यंदा कुठे स्वस्त? 🙈

म्हापशे_शुक्रवार:
माझ्या नावातच उत्तर आहे रे, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पण सकाळी सातच्या आत ये, नंतर कांगलां आणि घागऱ्यो असलं रानातलं सामान दिसत नाही.

फाइलवाली:
खिडकीवर 'पेंडिंग आहे' ऐकून परतू नका. पेंडिंग म्हणजे तीन गोष्टी असतात: कागद कमी, छाननी बाकी, किंवा मंजूर पण बिल निघालेलं नाही. यातलं कुठलं ते विचारा. कागद कमी असेल तर शेरा लिहून मागा. तोंडी सांगितलेला कागद पुढच्या वेळी बदलतो. काहीच कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'का उशीर झाला' असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. 'अर्ज क्रमांक अमुक, आजवर कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर गेला, शेऱ्यांची प्रत द्या' असं लिहा. गोव्यात 2013 चा कालबद्ध सेवेचा कायदाही आहे, दाखल्यांच्या उशिरासाठी तो दाखवा.

मोगरा७:
10 रुपयांचा अर्ज लिहून दिला की फाइल कशी जागी होते 😂

तिसवाडी_आवय:
सासूबाई 60 च्या झाल्या. गृह आधारसोबत दयानंद योजनेचं (ज्येष्ठांचं मासिक साहाय्य) 2000 पण मिळेल ना?

फाइलवाली:
दोन्ही एकत्र नाही. दयानंदला अर्ज करताना गृह आधार घेत असल्याचं लिहाच, लपवलं तर नंतर वसुली निघू शकते.

तिसवाडी_आवय:
बरं झालं विचारलं. कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, उद्या येते परत.

कळंगुटकार:
सात म्हणजे पहाटेचे सात?!