नळा, कौल, कोना: फरक काय?

कसबा पेठेतून: आमच्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी मिस्त्रींनी कागद दिला आहे. त्यात लिहिलंय: 'नळे उतरवणे, रिपा बदलणे, मंगलोरी कौले व कोने बसवणे, काचकौले २.' घरात आम्ही या सगळ्याला कौलंच म्हणतो. नळा आणि कौल वेगळे का? कोना म्हणजे कोपरा का? आणि कौलं बदलायची तर रिपा, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, कशाला बदलायच्या?

मुळशीकर: नळा हेही कौलच, पण देशी, कुंभाराच्या हातचं. काही जण नळीचं कौल म्हणतात. कुंभार चाकावर मातीची लांब नळी ओढतो, एक तोंड रुंद आणि दुसरं जरा निमुळतं. ओली असतानाच ती उभी चिरतो, पुढे तिचे दोन भाग होतात. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या दोन्ही कडांवर दुसरी ओळ पालथी. उताण्या ओळीतून पाणी वाहतं, पालथी सांधा झाकते. खिळा नाही, तार नाही, नुसत्या वजनावर बसलेले असतात. मांजर पळालं, माकडं आली की सरकतात. म्हणून पावसाआधी दरवर्षी शाकारणी करावी लागते: सगळे नळे उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढून परत लावायचे. कोकणात याला 'नळे परतणे' म्हणतात. शाकारणे हा शब्द गवती छपरालाही चालतो.

कसबा पेठेतून: आजीच्या तोंडी शाकारणी ऐकलंय. मग मंगलोरी?

जुन्या घरांची कामे करणारा: मंगलोरी कौल साच्यात दाबून काढतात. १८६५ मध्ये बासल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांकाठची चिकणमाती हाताशी होती. पुढे हीच कौलं शाळा, स्टेशनं, बंगले असं करत सगळीकडे पोचली. कौलाला कडेने खोबण्या असतात, त्या शेजारच्या कौलात अडकतात. खालच्या बाजूला नाक असतं, ते रिपेवर टेकतं. म्हणजे दोन रिपांमधलं अंतर कौलाच्या मापाचंच हवं. नळ्यांखाली मात्र बांबूच्या कामट्या किंवा रिपा दाट असतात, अंतराचा असा काटेकोरपणा नसतो. मिस्त्रींनी रिपा बदलायचं लिहिलंय ते या कारणाने, आणि ते बरोबर आहे. उलट जुन्याच रिपांवर कुणी मंगलोरी बसवून देतो म्हणाला तर हो म्हणू नका. नाक नीट अडकणार नाही आणि पहिल्याच वळवात कौलं घसरतील.

छपराचा उतारही मोजून घ्या. कमी पडला तर वाऱ्याबरोबर पाणी खोबणीतून उलटं चढतं.

कोना म्हणजे कोपरा नव्हे. दोन पाखी, म्हणजे छपराच्या दोन उतरत्या बाजू, वर आढ्यावर मिळतात तो सांधा झाकणारं कौल म्हणजे कोना. कोनवाशावरही, म्हणजे दोन पाखी कोपऱ्यावर मिळतात तिथल्या तिरक्या वाशावरही, तोच बसतो. सांधा चुन्यात भरून घ्या. सिमेंटमध्ये पक्का केला की एक कोना बदलताना शेजारचे दोन फुटतात.

काचकौल म्हणजे मंगलोरीच्याच साच्याचं काचेचं कौल, अंधाऱ्या माजघरासाठी. तुमच्याकडे दोन लिहिलीत. स्वयंपाकघरावर आणखी एक टाकून घ्या, पेठेतल्या दाटीत उजेड वरूनच येतो.

शब्दप्रेमी: व्याकरणाचं सांगतो. छपरावरचं ते कौल, अनेकवचन कौले. देव देतो तो कौल. दोन शब्द वेगळे. देवाचा कौल अरबीतून आला, कौलनामा, म्हणजे लेखी अभयवचन, त्याच्याच घरातला. 'देवाने कौल दिलं' असं अलीकडे छापलेलं दिसतं, ते चूक आहे.

कसबा पेठेतून: उतरवलेल्या नळ्यांचं काय करू?

मुळशीकर: टाकू नका. वाजवून बघा, खणखणीत वाजले तर पडवीला लावा.

जुन्या घरांची कामे करणारा: आणि मंगलोरी घेताना सगळी एकाच छापाची घ्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खोबण्या एकमेकींत बसत नाहीत. फुटतुटीसाठी त्याच छापाची थोडी जास्तीची घेऊन माळ्यावर ठेवा.