'गॅस इंजिन'ला मराठीत काय म्हणायचं?

कराडकर: पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवरचा लेख मराठीत आणतोय. शंभरेक वर्षांमागे तिथं गॅस इंजिनावर डायनामो फिरवून खाणीपुरती वीज करत. मी 'वायुइंजिन' लिहिलं. तपासणाऱ्या काकांनी खोडून 'पेट्रोल इंजिन' केलं. त्यांची लेक अमेरिकेत, तिकडे पेट्रोलला गॅसच म्हणतात!

वारणाकाठ: पेट्रोल साफ चूक. शेजारी कोळशाची भट्टी असायची. इंजिन स्वतःच्या ओढीनं निखाऱ्यांतून हवा आणि थोडी वाफ खेचायचं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळायचा. निम्मा नायट्रोजनच, त्यामुळे गॅसला दम कमी आणि इंजिन अवाढव्य. पण त्या रखरखीत मुलखात वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला पाणी आणणार कुठून? कालगुर्ली या तिथल्या सोन्याच्या खाणींच्या गावाला नळाचं पाणी पोचलं १९०३ साली.

माणदेशी: मग 'धूरइंजिन' म्हणा की. आमचे आजोबा सांगायचे, लढाईच्या काळात एसटी कोळशावर चालायची. मागं ही भली थोरली टाकी. घाट लागला की पाशिंजर खाली.

जुना वाईकर: एसटी नव्हे, सर्व्हिस मोटार. एसटी १९४८ ची. आणि धूर कसला? त्यातलं डांबर वाल्व्हला चिकटलं की इंजिन बसलंच. गॅस धुऊन, थंड करून मगच आत सोडतात.

माणदेशी: आजोबा एसटीच म्हणायचे.

स्वभाषा: 'वायू' असताना गॅस कशाला? 'वायुचलित्र' लिहा.

वारणाकाठ: 'गॅस' शब्द हेल्माँट या जुन्या रसायनशास्त्रज्ञानं ग्रीक 'केऑस'वरून घडवला, म्हणजे इंग्रजीतही तो उसनाच. चलित्र म्हणून मिरजेच्या गॅरेजात विचारा, चहासुद्धा मिळायचा नाही.

कृष्णामाई: आणखी एक घोळ. कोळशाच्या खाणीत मिथेन असतो, हवेत ५ ते १५ टक्के झाला की भडका. ऑस्ट्रेलियातच न्यू साउथ वेल्समध्ये ॲपिनच्या कोळसाखाणीत १९९६ पासून तोच इंजिनात जाळून वीज करतात. म्हणजे 'खाणीतलं गॅस इंजिन' म्हटलं तर गॅस खाणीतला की भट्टीतला?

स्वभाषा: 'खनिवायू' आणि 'भट्टीवायू'. झालं!

माणदेशी: आमच्याकडं खाण म्हणजे दगडाची. तिथला वायू म्हणजे सुरुंगाचा वास.

कराडकर: अहो, मला उद्या लेख द्यायचाय. 'कोळसावायू' चालेल?

जुना वाईकर: कोळसा लाकडी का दगडी, ते लिहा आधी. मोटारीला लाकडीच असायचा.

माणदेशी: एसटीला.